बाबांनी लाडू खाल्लाच नव्हता

आई, बाबा,

काल फोनवर आई परत तेच म्हणाली, रात्री एक भाकरी आणि मेथीची भाजीच दिली होती तरी सकाळी उपाशीपोटी शुगर १७८ आली म्हणजे नक्की रात्री उठून लाडवाचा डबा उघडला असणार. आणि बाबा गप्प बसले. ते गप्प बसणं मला फार लागलं.

आई, काही न खातापण असं होतं गं. आपलं लिव्हर साखर साठवून ठेवतं, आणि पहाटे ३ ते ८ च्या सुमारास कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन वाढले की माणूस उठायच्या आधीच ती रक्तात सोडायला लागतं. तुझ्या अंगात तेव्हा इन्सुलिन पण वाढतं म्हणून कळत नाही, बाबांच्यात ते तेवढं पुरत नाही. एकदोन दिवस पहाटे ३ ला पण शुगर बघून लिहून ठेवा, डॉक्टरांना औषध ठरवायला त्याचा खूप उपयोग होतो.

आणि बाबा, शेजारचे काका घेतात त्या इंजेक्शनचं विचारत होतात ना, ते पण हार्मोनचंच आहे. जेवण आतड्यात उतरलं की तिथे जीएलपी-वन नावाचं हार्मोन तयार होतं, ते इन्सुलिन सोडायला लावतं, पोट सावकाश रिकामं करतं, मेंदूला सांगतं की पुरे आता. पण ते रक्तात जेमतेम २ मिनिटं टिकतं. अमेरिकेच्या वाळवंटात हिला मॉन्स्टर म्हणून विषारी सरडा असतो, जॉन इंग नावाच्या डॉक्टरांना १९९२ मध्ये त्याच्या विषात असंच पण जास्त टिकणारं रसायन सापडलं आणि त्यावरून २००५ ला औषध आलं!! तुम्हाला साप-सरड्यांचं भारी वेड म्हणून मुद्दाम सांगतेय. आता त्याच जातीचं सेमाग्लुटाइड नावाचं इंजेक्शन आठवड्यातून एकदाच घ्यावं लागतं.

पण काकांचं बघून आपलं आपण सुरू करू नका प्लीज. तुमची ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी चालू आहे, दोन्ही एकत्र झालं तर शुगर एकदम खाली जाऊ शकते, डॉक्टर आधी त्या गोळीचा डोस बघतील. मळमळ होते, वजनाबरोबर स्नायूपण उतरतात, म्हणून उसळ, अंडी, ताक सोडायचं नाही. १४ तारखेला मी येतेय, आपण तिघं मिळून जाऊ.

आई, लाडवाचं बोललीस ते मागे घे ना एकदा. ते स्वतःहून काही म्हणणार नाहीत.

तुमची,
ताई