साठीनंतरचा पेग

अनगोळ, बेळगाव

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "पप्पा, तुम्ही अजून घेता की सोडलंत? बाटली आणू की नको?" दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो.

सोडलेली नाही. कमी केली आहे, आणि आवड मात्र पूर्वीपेक्षा वाढली आहे. हे कुणाला सांगितलं की पटत नाही. आपल्याकडं माणूस एकतर पिणारा, नाहीतर तुळशीची माळ घालून सुटलेला. मधे कुणी असू शकतं हे लोक धरतच नाहीत. तू कमावती आहेस, बंगळूरला ऑफिसातल्या मंडळींबरोबर घेतेस आणि मला ते मोकळेपणानं सांगतेस, याचा मला फार आनंद आहे. म्हणून मला जे कळलंय ते मीही तितक्याच मोकळेपणानं सांगतो.

उद्यमबागेत फौंड्रीत होतो तेव्हा भट्टीसमोर दिवस काढल्यावर शिफ्ट सुटली की आम्ही नाइन्टी, म्हणजे नव्वद मिली, मागायचो. त्यात सोडा, बरोबर शेंगा नाहीतर फुटाणे, आणि अर्ध्या तासात घराकडं. अंग मोकळं व्हायचं, तेवढंच हवं असायचं. चव कुणी विचारत नव्हतं, आणि त्या बाटलीत विचारण्यासारखी चवही नव्हती. आपली बरीचशी स्वस्त व्हिस्की ही धान्याची नसते गं. उसाच्या मळीपासून काढलेलं शुद्ध स्पिरिट, त्यात थोडी माल्टची, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीची दारू, रंग, वास. अथणी-चिक्कोडी-रायबाग भागात साखर कारखान्यांच्या चिमण्या तू पाहिल्यास, त्यांतल्या काहींच्या डिस्टिलऱ्याही आहेत. युरोपात अशा मळीच्या दारूला व्हिस्की म्हणून विकू देत नाहीत. म्हणून मला त्या काळातली रमच जास्त आठवते. शेजारी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार काका होते, त्यांच्या कँटीनच्या कोट्यातली बाटली कधी कधी आमच्या वाट्याला यायची. आषाढात आपल्याकडं पाऊस आठ-आठ दिवस उघडत नाही, तेव्हा गरम पाण्यातली रम आणि ओल्या कपड्यांचा वास. रम मळीचीच असते आणि ती ते लपवत नाही. मला हा तिचा गुण वाटतो.

आजोबांच्या वेळची गोष्ट तुला ठाऊक नसेल. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, आणि मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्यानं दारूबंदी होती. मग राज्य बदललं, कायदा बदलला, बंदी आली आणि गेली. तुझ्या लहानपणी गावोगाव सारायीची, म्हणजे स्वस्त देशी दारूची, पाकिटं मिळायची, ती १ जुलै २००७ पासून कर्नाटकात बंद झाली. पण सारायी पिणारा माणूस पिणं सोडत नाही, तो नाइन्टीकडं वळतो. हे मी कामावरच्या माणसांत डोळ्यांनी पाहिलं, आणि काही घरं त्यात बसली तीही पाहिली. आवडीनं पिण्याबद्दल लिहिताना ती घरं विसरून लिहिणं मला जमणार नाही.

आता बाटलीबद्दल. तू राहतेस त्या बंगळूरलाच, म्हैसूर रस्त्यावर कंबीपुऱ्याला अमृतची डिस्टिलरी आहे. कंपनी १९४८ ची. पण त्यांनी आपली सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीतली नुसत्या माल्टची व्हिस्की, आधी इथं विकली नाही. २००४ मध्ये ती नेऊन ठेवली थेट ग्लासगोत, स्कॉटलंडच्या माणसांपुढं. ज्यांची विद्या त्यांनाच दाखवायची ही छाती मला फार आवडते. स्कॉटलंडात पिंपातली व्हिस्की वर्षाला साधारण दोन टक्के उडून जाते. बंगळूरच्या हवेत दहा-बारा टक्के उडते. म्हणजे चार-पाच वर्षांत पिंप निम्म्याच्या आसपास येतं, आणि उरलेल्या दारूत लाकूड तेवढ्याच वेगानं उतरतं. म्हणून आपल्या माल्टवर बारा किंवा अठरा वर्षं असा आकडा सहसा दिसत नाही. आकडा नाही म्हणून ती कमी प्रतीची समजू नकोस.

आणायचीच तर फ्यूजन आण. तिच्यात आपल्याकडची बार्ली आणि स्कॉटलंडची पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, धुरावर सुकवलेली बार्ली, दोन्हींची दारू एकत्र केलेली असते. ती ५० टक्क्यांची आहे, नेहमीची बाटली ४२.८ ची असते, तेव्हा पाणी घालायला लाजायचं नाही. 'नीट', म्हणजे काही न मिसळता, 'घेतली तरच खरी' असं सांगणाऱ्या मित्रांचं ऐकू नकोस. आधी नुसता वास घ्यायचा, तोंड किंचित उघडं ठेवून, म्हणजे नाकाला झोंबत नाही. मग चमचाभर पाणी, आणि परत वास. पहिल्यांदा जे धूर आणि लाकूड वाटलं होतं त्याच्यामागून गूळ येतो, संत्र्याची साल येते, कधी मिरी. पाण्यानं दारू पातळ होते एवढंच लोकांना ठाऊक असतं. तिचा वास सुटा होतो ही त्यातली खरी गंमत. बर्फ घातलास तर तोच वास आखडतो, म्हणून मी माल्टमध्ये बर्फ घालत नाही. एक तीस मिलीचा पेग असा मला पाऊण तास पुरतो, आणि त्या पाऊण तासात मला जेवढी व्हिस्की मिळते तेवढी तरुणपणी अख्ख्या क्वार्टरमध्ये मिळत नव्हती.

हे वयानं शिकवलं असं म्हणतात, पण खरं सांगायचं तर शरीरानं शिकवलं. पन्नाशीनंतर अंगातलं पाणी आणि स्नायू दोन्ही कमी होतात. दारू अंगातल्या पाण्यात मिसळते, त्यामुळं तोच पेग रक्तात जास्त चढतो. तीस मिलीत साधारण दहा ग्रॅम शुद्ध दारू असते आणि यकृत तासाला ढोबळमानानं तेवढीच निपटतं. दोन लार्ज, म्हणजे साठ मिलीचे दोन पेग, घेऊन दहाला उठलं तरी मध्यरात्र उलटेपर्यंत ती अंगात असते. झोप पटकन लागते आणि दोन-तीनला उडते, ती यामुळंच. त्यात माझ्या साखरेच्या गोळ्या. ग्लिमेपिराइडवर असताना उपाशीपोटी घेतली तर साखर धोक्याइतकी खाली येऊ शकते, आणि मेटफॉर्मिनवर भरपूर पिणंही घातकच, हे डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. म्हणून आता आधी भाकरी-आमटी, मग पेग. झोपेची गोळी किंवा दुखण्याची गोळी त्या रात्री नाही. मापाचा छोटा पेला तू पाहिलाच आहेस, तो आता कपाटात बाटलीशेजारीच असतो. डोळ्याच्या अंदाजानं ओतलेला पेग नेहमी मोठा असतो.

आमची शनिवारची बैठक अजून भरते. एकानं माळ घातली, एकाला काविळीनंतर पूर्ण बंद सांगितलं, एकानं फक्त हात आखडता घेतला. तिघंही येतात. माळवाल्यासाठी लिंबू-सोडा, खारे शेंगदाणे सगळ्यांना. पूर्वी कुणी नको म्हटलं की "एवढ्यानं काय होतंय गा" म्हणून पेला भरायचे. आता कुणी भरत नाही. ही मला आमच्या पिढीनं केलेली चांगली गोष्ट वाटते, आणि तुमच्या ऑफिसच्या पार्ट्यांत ती आधीच आलेली असावी अशी माझी इच्छा आहे. नसली तर तू आण. "मला पुरे" म्हटल्यावर दुसऱ्यांदा आग्रह करणाऱ्याबरोबर परत बसू नकोस.

आणखी एक, बापानं लेकीला लिहायला संकोच वाटावा असं, पण लिहितो. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण मुळात कमी, त्यामुळं पुरुषाइतकाच पेग तिला जास्त चढतो. बरोबरच्या पोरांशी पेगाला पेग लावायचा नाही. दारू कर्करोगाचं कारण आहे हे १९८८ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत आहे, पुढं त्यात स्तनाचा कर्करोगही आला, आणि त्यासाठी फार प्यावं लागतं असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये सरळ सांगितलं की पूर्ण सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही. मला हे ठाऊक आहे आणि तरी मी शनिवारी पेग घेतो, कारण मला त्याची चव आणि ती बैठक दोन्ही मोलाची वाटतात. तूही ठाऊक असून, मोजून, तुला आवडतं म्हणून घे. दमलीस म्हणून, रडू येतंय म्हणून किंवा झोप लागत नाही म्हणून घेऊ नकोस. त्या तिन्ही वेळी मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.

उन्हाळ्यात चार दिवस काढून ये. एप्रिलमध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूच्या दारूच्या भट्ट्या लागलेल्या असतात. चोर्ला घाट उतरला की वाळपईच्या अलीकडूनच बोंडांचा वास यायला लागतो. फेणीला, म्हणजे बोंडांच्या दारूला, २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तुला मला हुर्राक पाजायचा आहे, पहिल्या ऊर्ध्वपातनाचा, साधारण पंधरा टक्क्यांचा. तो टिकत नाही, म्हणून त्याच महिन्यांत आणि तिथंच प्यायचा, लिमका, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून. आईला ताजा नीरो, म्हणजे बोंडांचा रस, आवडेल, त्यात दारू नसते. डिकीत बाटल्या भरून आणायच्या नाहीत, कणकुंबीच्या नाक्यावर तपासतात आणि ते योग्यही आहे. गाडी मी चालवणार नाही, तूही नाही. रात्र तिकडंच काढू आणि सकाळी जांबोटीत नाश्ता करून घरी येऊ. तुझ्या रजेची तारीख ठरली की लगेच कळव, म्हणजे गाडीवाल्याला सांगून ठेवतो. सुट्टीच्या दिवसांत त्याच्याकडं गाडी मिळत नाही.

तुझा,
पप्पा