जुना मेटल डिटेक्टर भंगारात काढू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मेटल डिटेक्टरने नाणी आणि अंगठ्या शोधण्याच्या छंदावरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. या विषयावर मराठीत कुणीतरी सविस्तर लिहिलं याचा फार आनंद झाला. पण लेखातल्या एका सल्ल्याने मला अस्वस्थ केलं, म्हणून हे पत्र. पडदा नसलेली, नुसता आवाज करणारी जुनी यंत्रं आता कामाची राहिली नाहीत, ती भंगारात देऊन नवं यंत्र घ्यावं, असं लेखक म्हणतात. लेख वाचून कुणी खरोखरच माळ्यावरचं यंत्र भंगारात टाकलं तर ते परत मिळायचं नाही. त्याआधी माझं म्हणणं वाचकांपर्यंत पोचावं.

मी ३८ वर्षं रेडिओ दुरुस्त केले. त्या काळात एका गिऱ्हाइकाने १९७०च्या दशकातला एक मेटल डिटेक्टर दुरुस्तीला आणला. सेलचं पाणी गळून आतल्या पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या, दोन कपॅसिटर सुकले होते. मी तो चालू केला तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, ‘आता माझ्याने वाकवत नाही, तुम्हीच ठेवा.’ तेव्हापासून तो माझ्याकडे आहे. पत्र्याची पेटी, एक लांब दांडा, खाली थाळीसारखी कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, आणि ट्यूनिंगचं एक बटण. बाकी काही नाही.

ज्यांनी जुना रेडिओ ऐकला आहे त्यांना हे यंत्र लगेच कळेल. दोन स्टेशनं शेजारी आली की मधून एक शिट्टी यायची, आठवतं? या जातीच्या यंत्राला बीएफओ (बीट फ्रीक्वेन्सी ऑसिलेटर) म्हणतात आणि ते त्याच शिट्टीवर चालतं. पेटीत दोन ऑसिलेटर, म्हणजे विजेची कंपनं निर्माण करणारी सर्किटं, असतात. एक स्थिर राहतो, दुसऱ्याला कॉइल जोडलेली असते. एकाची कंपनं सेकंदाला १,००,००० आणि दुसऱ्याची १,००,१०० असली, तर दोन्हींमधला १००चा फरक कानाला घुमल्यासारखा ऐकू येतो. कॉइलखाली धातू आला की दुसऱ्याची कंपनं जराशी सरकतात. मूळ संख्येच्या मानाने ती हालचाल अगदी क्षुल्लक असते, पण शंभराचे एकशेवीस झाले तरी कान ते पकडतो. माझं यंत्र मी असं लावतो की सोनं, चांदी, तांबं आलं की सूर चढतो आणि लोखंडी खिळा आला की उतरतो. गंजलेला सपाट पत्रा मात्र कधीकधी चढा सूर देऊन फसवतो. चारपाच संध्याकाळी कानाला हेडफोन लावून फिरलं की तो फसवा सूरही ओळखता येऊ लागतो.

लेखात या यंत्राचा इतिहास दोन ओळींत उरकला आहे. माझ्यासारख्या रेडिओवाल्याला तो जिव्हाळ्याचा, म्हणून थोडं लिहितो. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. ती शरीरात कुठे अडकली आहे हे शोधायला टेलिफोनचे अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपलं यंत्र घेऊन गेले. गोळी सापडली नाही. गादीत पोलादी तारा होत्या हे बेल यांना नंतर कळलं, आणि डॉक्टरांनी तपासायला दिली ती उजवी बाजू, गोळी होती डावीकडे. यंत्र त्याच्या परीने बोलत होतं, पण ते कशाबद्दल बोलतंय हे समजण्याची सोयच त्या खोलीत नव्हती. पुढे गेरहार्ड फिशर विमानांसाठी रेडिओने दिशा शोधण्याच्या यंत्रावर काम करत असताना जवळपास धातू किंवा खनिज असलं की दिशा चुकते असं त्यांच्या ध्यानात आलं. त्या चुकीतूनच त्यांनी धातूशोधक घडवला आणि १९३७ साली त्याचं पेटंट मिळवलं. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी सैनिकाला हातात धरून चालता येईल असा सुरुंगशोधक तयार केला. १९४२च्या एल अलामीनच्या लढाईत असे ५०० शोधक वापरले गेले. कोसात्स्कींनी त्याचं पेटंट घेतलं नाही, ब्रिटिश सैन्याला ते देऊन टाकलं. युद्ध संपल्यावर सैन्याची उरलेली यंत्रं विकली गेली आणि हौशी माणसांच्या हाती आली. आज माळ्यावर धूळ खात पडलेलं यंत्र या घराण्यातलं आहे. नुसतं ‘जुनं’ म्हणून त्याची बोळवण होऊ नये.

आता मुद्द्यावर येतो. नवं यंत्र पडद्यावर आकडा दाखवतं आणि नको ते धातू गाळून टाकायची सोय देतं. नाणं शोधायला ती फार उपयोगी. ठरावीक नाण्याचा धातू, जाडी, आकार ठरलेला, म्हणून त्याचा आकडाही बहुधा ठरलेला. अंगठीचं तसं नसतं. लहानशी, पातळ सोन्याची अंगठी यंत्राला जो प्रतिसाद देते, जवळपास तसाच प्रतिसाद चॉकलेटच्या चांदीच्या कागदाचा तुकडा देतो. जरा जाड अंगठी शीतपेयाच्या डब्याच्या जुन्या ओढायच्या कडीच्या रांगेत जाऊन बसते. ती कडी ॲल्युमिनियमची. १९६०च्या दशकात ती आली आणि डबा उघडला की उपटून फेकली जायची, म्हणून मैदानं आणि किनारे तिने भरून गेले. कागद नको, कड्या नकोत म्हणून शोधणारा ते आकडे बंद करून ठेवतो. त्याच क्षणी सोन्याच्या बऱ्याचशा अंगठ्याही बंद होतात, आणि यंत्र गप्प राहिल्यामुळे आपण काय ओलांडून आलो हे त्याला कधी कळतच नाही.

माझ्या डोळ्यांदेखत हे घडलं. ओळखीतल्या एका शिक्षिकाबाईंची अंगठी मुलांचे खेळ घेताना मैदानात पडली. त्यांच्या भाच्याने नवं यंत्र आणून दोन संध्याकाळी मैदान पालथं घातलं. मुलगा मेहनती, कंटाळा करणारा नव्हे. तरी काही मिळालं नाही. बाई मला म्हणाल्या, ‘काका, तुमचा तो जुना एकदा फिरवून बघता का? नाही सापडली तर नाही, पण मनाला चुटपुट नको.’

तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो. मी आधी त्यांना विचारलं, कुठे उभ्या होतात, कोणत्या हाताने चेंडू टाकलात, अंगठी नाही हे कधी लक्षात आलं. त्यावरून मैदानाचा साधारण आठवा हिस्सा ठरवला, सुतळीने त्याचे हातभर रुंदीचे पट्टे पाडले आणि एकेक पट्टा चालायला लागलो. कॉइल जमिनीपासून दोन बोटांवर, सगळीकडे सारखी उंच धरायची. झोका संपताना ती वर उचलली गेली की सूर हलतो आणि भलतीच आशा लागते. दर झोका आधीच्या झोक्यावर अर्धा यायला हवा. ऊन उतरत होतं, गारवा वाढला तसा सूर सरकत होता, म्हणून दर काही मिनिटांनी थांबून बटण फिरवून तो जागेवर आणत होतो. या यंत्रांची ही खोड आहे, त्यांना हवामान लागतं.

चढा सूर आला की भाचा खुरपं घालायचा. चांदीचा कागद. पुन्हा कागद. बाटलीचं झाकण. एक नाणं. पुन्हा कागद. तो दर वेळी ‘हे तर मी बंदच करून ठेवलं होतं’ म्हणायचा आणि मी म्हणायचो, ‘असू दे, काढ.’ सहाव्या की सातव्या पट्ट्यात सूर जेमतेम चढला. इतका हलका, की श्वास रोखल्याशिवाय ऐकू येऊ नये. उलट फिरून आडव्या बाजूने कॉइल नेली, तेव्हा तो किंचित स्पष्ट झाला. मी गुडघ्यावर बसून बोटांनी गवत बाजूला केलं. कुणाच्या तरी पायाखाली येऊन अंगठी मुळांमध्ये रुतली होती आणि कडेवर उभी होती. वरून दिसत होती ती फक्त तांदळाच्या दाण्याएवढी पिवळी रेघ. अंगठी आडवी पडलेली असती तर सूर चांगला चढला असता. उभी असल्यामुळे कॉइलला तिची फक्त कड लागत होती.

नव्या यंत्रावर अन्याय नको, म्हणून पुढचंही सांगतो. मी अंगठी तशीच राहू दिली आणि भाच्याला म्हटलं, तुझ्या यंत्रातलं सगळं गाळणं बंद कर आणि फिरव. ते लगेच बोललं, आणि आकडा दाखवला तो कागदाचाच! म्हणजे यंत्र सक्षम होतं. काय ऐकायचं नाही हे आपण आधीच ठरवून टाकलं होतं. माझ्या जुन्या यंत्रात असं ठरवायची सोयच नाही, म्हणून ते वापरणारा नाइलाजाने सगळं ऐकतो, आणि सगळं ऐकता ऐकता त्याचा कान तयार होतो. नव्या माणसाने सहा महिने अशा यंत्रावर हात बसवावा आणि मग खुशाल पडद्याचं घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

जुन्या यंत्राच्या मर्यादाही सांगायला हव्यात. नाण्याएवढी वस्तू चारपाच बोटांपेक्षा खोल असली तर माझं यंत्र हात टेकतं. खारट ओल्या वाळूत ते जवळजवळ आंधळं होतं, लोहयुक्त मातीत सतत कुरकुरतं. माझ्या यंत्राच्याच, म्हणजे १९७०च्या दशकात कमी कंपनांवर चालणारी, जमिनीचा परिणाम वजा करणारी व्हीएलएफ यंत्रं आली आणि खोलीच्या बाबतीत ती कितीतरी पुढे गेली. पण कालपरवा हरवलेली अंगठी फुटभर खाली गेलेली नसते, ती गवताच्या मुळाशी असते. तिथे खोलीचा प्रश्नच येत नाही. बारीक साखळी मात्र कुठल्याही यंत्राला अवघड. आणि अंगठी तुटून तिचा वेढा उघडा पडला असेल तर सूर पार मवाळ होतो, हे शोधणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

लेखात खजिन्याबद्दल बरंच आहे, पण सापडल्यावर काय करायचं हे कुठेच नाही. याची मला खंत वाटली. १९९२ साली इंग्लंडमधल्या हॉक्सन गावात एरिक लॉज नावाचे गृहस्थ शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधत होते. सापडली रोमन काळातली सोन्याचांदीची नाणी. त्यांनी सगळं उपसलं नाही. थोडं हाती लागताच खणणं थांबवून कळवलं, आणि पुरातत्त्वाच्या लोकांनी येऊन ठेवा जागेवरच, थराथराने मोकळा केला. १४ हजारांहून जास्त नाणी निघाली, ती कशी आणि कशात ठेवली होती तेही कळलं. हातोडाही सापडला आणि तोही संग्रहालयात गेला. इंग्लंडमध्येच २००९ साली स्टॅफर्डशायरचा प्रसिद्ध सोन्याचा ठेवा सापडला, तो टेरी हर्बर्ट यांच्या १४ वर्षं जुन्या यंत्राला! जमिनीच्या मालकाची परवानगी घ्यावी, प्राचीन जागी पाऊल ठेवू नये, जिथे आहोत तिथला कायदा आधी वाचावा, आणि जुनं काही दिसलं की हात मागे घ्यावा. खड्डा मात्र आपणच बुजवायचा. गवताचा तुकडा तीन बाजूंनी कापून झाकणासारखा उचलावा, काम झालं की परत बसवून पायाने दाबावा. त्या मैदानावर दुसऱ्या दिवशी मुलं खेळली, कुणाचा पाय अडखळला नाही.

ज्यांच्या घरी असं यंत्र पडून आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. चालू करण्याआधी सेलचा कप्पा उघडा. खार धरला असेल तर व्हिनेगरच्या बोळ्याने पुसून पट्ट्या कोरड्या करा. बटण फिरवताना खरखर आली तर आत कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ते वीसेक वेळा इकडून तिकडे फिरवा. सूर नुसताच डळमळत असेल तर आधी कपॅसिटर तपासून घ्या, मग कॉइलची केबल जिथे वाकते ती जागा. ओल्या गवताला कॉइल लागली की ओरडत असेल, तर तिच्याभोवतीची शिल्डिंगची, म्हणजे बाहेरचा परिणाम अडवणारी, पट्टी बहुधा तुटली आहे. नवी पट्टी गुंडाळताना दोन टोकांत थोडी फट ठेवाच. टोकं एकमेकांना टेकली तर ती पट्टी स्वतःच एक बंद कडं होते आणि यंत्राला रात्रंदिवस तेच ऐकू येतं. हे काम कुठलाही जुना रेडिओ मेकॅनिक करून देईल, त्याला नुसतं ‘बीएफओ’ म्हटलं तरी पुरे.

शिक्षिकाबाईंचा भाचा आता दर शनिवारी येऊन माझं यंत्र नेतो. परवा त्याने खिळा आणि नाणं खणायच्या आधी ओळखून दाखवलं, तीनदा लागोपाठ. आपल्या लेखकांनाही माझं निमंत्रण आहे, त्यांनी एखाद्या संध्याकाळी यावं आणि अर्धा तास हेडफोन कानाला लावून बघावा. ज्यांनी यंत्र बांधून भंगारवाल्यासाठी दाराशी ठेवलं असेल, त्यांनी ते कृपया आज आत घ्यावं. पुन्हा माळ्यावरच टाकायचं असलं तरी सेल तेवढे काढून ठेवावेत.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त रेडिओ मेकॅनिक