सरासरी नको, गावाचा पाऊस सांगा

संपादक महोदय,
सातारा जिल्ह्यात पावसानं सरासरी गाठली ही तुमच्या पेपरातली बातमी वाचली, पण आम्हा माण तालुक्यातल्यांना ती पटत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आमच्या माणमध्ये कसाबसा पाचशेच्या आसपास, मग या दोघांची सरासरी काढून कुणाला काय कळणार? बऱ्याच गावांच्या मिळून एका महसूल मंडळाला एखादं पर्जन्यमापक, त्यात वळवाचा पाऊस असा की ओढ्याच्या अलीकडं सरीत पाणी तुंबतं अन् पलीकडं ढेकूळसुद्धा भिजत नाही, आणि नोंद मात्र सगळ्या गावांना एकच.

हवामानाच्या रडारचं तसं नाही, ढगातल्या थेंबांवरून परत येणाऱ्या लहरींवरून ते दर काही मिनिटांनी सगळ्या पट्ट्यातल्या पावसाचा अंदाज देतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं आपल्या मांढरदेवच्या डोंगरावर रडार बसवून घाटातल्या ढगांचा अभ्यास केलेलाच आहे. डोंगराआड रडारला नीट दिसत नाही हे खरं, आकडेही पर्जन्यमापकाशी ताडून घ्यावे लागतात, पण म्हणूनच दोन्ही एकत्र करून गाववार नकाशा काढावा, आणि पीकविमा, टंचाई ठरवताना तोही समोर ठेवावा.

– एक शेतकरी, दहिवडी (ता. माण)