साहेब, आबांचं नाव मेडलच्या कडेवर आहे

मा. माजी सैनिक कल्याण मंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, रामराम.

मी औसा तालुक्यातला, किल्लारीच्या भूकंपात जी गावं बसली त्यातल्याच एका गावचा. माझे आबा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनीला आले. 71 च्या लढाईत त्यांची पल्टन पूर्वेला, आताच्या बांगलादेशात होती. त्याचा पूर्व आघाडीचा 'पूर्वी स्टार', संग्राम मेडल, नऊ वर्षं नोकरीचं एक आणि स्वातंत्र्याला 25 वर्षं झाली तेव्हाचं एक, अशी चार मेडलं त्यांना मिळाली. शौर्यपदक त्यात एकबी नाही. पेपरात फोटो आला नाही, मिरवणूक निघाली नाही, ही सगळी ड्युटीवर उभं राहिल्याची मेडलं.

संग्राम मेडल 3 डिसेंबर 1971 ते 20 डिसेंबर 1972 या काळात ठरवून दिलेल्या भागांत नोकरीत असलेल्यांना मिळालं. आता 72 साल म्हटलं की आमच्याकडं दुसरं काही आठवतच नाही, दुष्काळ. आबा तिकडं ड्युटीवर आणि इकडं माझी आज्जी कडेवर लेकरू घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडायली, सुकडीवर दिवस काढायली, महिन्याची मनीऑर्डर आली की दुकानदाराची उधारी फिटायची. म्हणून मला वाटतं त्या मेडलात निम्मा वाटा आज्जीचा आहे.

ती मेडलं पत्र्याच्या ट्रंकेत, नोकरीच्या नोंदींच्या डिस्चार्ज बुकाखाली ठेवलेली असायची. 30 सप्टेंबर 1993, गणपती बुडवून लोक नुकते झोपलेले, पहाटे चारच्या सुमाराला माळवदाची घरं खाली आली, दगडाच्या रुंद भिंती आणि वर मातीचा ढीग, आमच्या घरातली दोन माणसं गेली. मिल्ट्री आली तेव्हा आबा त्या जवानांपुढं उभे राहून कुणाचं घर कुठं होतं, कोण कुठल्या खोलीत झोपायचं ते दाखवत होते. ट्रंक नंतर सापडली, चेपलेली. त्यात डिस्चार्ज बुक आणि एकच मेडल राहिलं होतं, संग्राम. रिबीन कुजलेली, पण कडेवर कोरलेला नंबर, रँक आणि नाव शाबूत. आबांना आता मोतीबिंदूनं दिसत नाही, ते अंगठ्याचं नख त्या कडेवरून हळूहळू फिरवतात आणि नंबर म्हणतात. रोज नाही, पण म्हणतात.

बाकीच्या तीन मेडलांसाठी मी दोन वर्षं चकरा मारल्या. एका ऑफिसात म्हणाले, हरवल्याची पोलिस तक्रार आणा, त्याशिवाय अर्ज पुढं जाणार नाही. साहेब, त्या दिवशी माणसांना अग्नी द्यायला लाकूड पुरत नव्हतं, त्यात मेडलची तक्रार लिहायला कोण जाणार होतं?

लष्करी सामानाच्या दुकानात तसली मेडलं विकत मिळतात, मी आबांना म्हटलं आणून देतो, 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला कोटाला लावा. ते म्हणले, "बाळा, त्याच्या कडंला माझं नाव न्हाई ना." मी पुन्हा विषय काढला नाही.

शेजारच्या गावात तर एका फौजीच्या बायकोनं नवरा गेल्यावर स्टार आणि मेडलं मोडीत घातली, कुणी तिला सांगितलंच नव्हतं की हे काय आहे.

मेडल देणं दिल्लीच्या हातात आहे आणि नोंदी ज्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला, आमची बेळगावला, हे मला माहिती आहे. पण मधला कागद तुमच्या खात्यानं हलवला तर हलतो. लातूर आणि धाराशिवच्या भूकंपग्रस्त गावांतल्या माजी सैनिकांसाठी आणि त्यांच्या विधवांसाठी पोलिस तक्रारीची अट सोडायला तुम्ही केंद्राला लिहा, भूकंपाच्या पंचनाम्यांवर पडलेल्या घरांची नोंद आहे, तीच पुरावा धरा. आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा माणूस गावात येऊ द्या, अर्ज तिथंच भरून घेऊ द्या. ऐंशीला टेकलेला माणूस एसटीनं तालुक्याला आणि तिथून जिल्ह्याला किती वेळा जाईल?

आबांचं डिस्चार्ज बुक आहे. पानं पिवळी पडलीत, पण चारही मेडलांची नोंद त्यात वाचता येते. झेरॉक्स या पत्रासोबत जोडतोय.

आपला,
औसा तालुक्यातला एका हवालदाराचा नातू