दादा, या वेळी अख्खा लाडू

प्रिय दादा,

यार्डात, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात, लहानथोर सगळे तुम्हाला टोपणनावानं हाक मारतात. मला ते कधी जमलं नाही. पंधरा वर्षांनी मोठ्या माणसाला आमच्याकडे कुणी असं बोलवत नाही, म्हणून मनातल्या मनात तुम्ही दादाच. हे पत्र मराठीत आहे, तुम्हाला वाचता येणार नाही, पण पुण्याच्या रेसकोर्सवर पहाटे ट्रॅकवर्क करणाऱ्या पोरांना येईल. इथे इंग्लंडात, लॅम्बोर्नच्या तबेल्यांत यायचं स्वप्न बघणारे त्यांच्यात बरेच आहेत.

गेल्या महिन्यात फॉन्टवेलच्या रेसकोर्सवर जॉकी म्हणून तुमची शेवटची राइड झाली. पाचवे आलात, खोगीर काखेत मारलंत, अंघोळ केलीत आणि गाडी काढून घरी. ना हार, ना भाषण. अडथळ्यांच्या शर्यतींचा जॉकी टोनी मॅकॉय सलग 20 वर्षं चॅम्पियन होऊन 2015मध्ये थांबला तेव्हा सँडाउनला अख्खं मैदान उभं राहिलं होतं. तुम्ही वर्षाला पंधरा-वीस जिंकणारे. जर्नीमन. या शब्दाचं मूळच दिवसभराच्या कामात आहे म्हणे, म्हणजे आपल्या भाषेत रोजंदारीवरचा जॉकी.

ती रोजंदारी मी जवळून पाहिली. पहाटे दोन-तीन यार्डांत फुकट घोडे फिरवायचे, उड्या शिकवायच्या, का तर त्यातला एखादा शर्यतीत आपल्याला मिळेल. मग एका राइडसाठी उत्तरेतल्या सेजफील्डच्या रेसकोर्सला. एका बाजूला जवळपास 400 किलोमीटर. पुण्याहून गोव्याला जाऊन त्याच रात्री परतायचं, आणि तेही चार मिनिटांच्या शर्यतीसाठी! मिळालेल्या फीतून राइड मिळवून देणाऱ्या एजंटचे दहा टक्के, खोगीर-कपडे सांभाळणाऱ्या व्हॅलेचे पैसे, पेट्रोल. पडलात तर पुढच्या राइड गेल्या, आणि पंधरा-वीस राइडमागे एकदा पडायचंच.

वजनाची सवलत कशी गेली, ते तुम्ही हसत हसत सांगितलं होतंत. शिकाऊ जॉकी बसला की घोड्याला सुरुवातीला सात पाउंड कमी वजन वाहावं लागतं, जॉकी जिंकत गेला की पाच, मग तीन, आणि 75 विजय झाले की काहीच नाही. तुमचे 75 झाले त्या रात्री यार्डात केक कापला. आठवडाभरात तुमचे निम्मे घोडे नव्या, सवलतवाल्या पोराकडे गेले. केक मात्र चांगला होता म्हणालात.

पुण्यात मी फक्त सपाट धावणारे घोडे फिरवलेले. साडेतीन फुटांचं हर्डल, म्हणजे उडी मारायचा अडथळा, पहिल्यांदा घोड्याच्या कानांमधून दिसलं तेव्हा माझी मांड कुठे गेली, मलाच कळलं नाही. तुम्ही मला आधी पडायला शिकवलंत. पेंढ्याच्या ढिगावरून वीस वेळा ढकललंत. ‘हात पुढे टाकलास की गळपट्टीचं हाड गेलं. गाठोडं हो, आणि सगळ्या टापा निघून जाईपर्यंत हलू नकोस.’ उडी चुकली तर लगाम बोटांतून सरकू द्यायचा, घोड्याचं तोंड मोकळं सोडायचं, हे नंतर.

पण आभार मानायचे आहेत ते नोव्हेंबरातल्या त्या सकाळचे. गॅलपवर, म्हणजे घोडे पळवायच्या सरावाच्या पट्टीवर, मी पडलो, उठलो, परत घोड्यावर बसलो. यार्डात येईपर्यंत मी तुम्हाला तीनदा विचारलं म्हणे, ‘आज वार कोणता?’ मला आठवत नाही. एवढं आठवतं की मी गयावया करत होतो, कुणाला सांगू नका. व्हिसा नोकरीवर, घरी पैसे पाठवायचे, डोक्याला मार म्हटलं की बसवून ठेवतील. तुम्ही काही बोलला नाहीत. हेल्मेट काढून घेतलंत, हेड लॅडला, म्हणजे तबेल्याच्या मुकादमाला, सांगितलंत आणि गाडीत घातलंत.

हॉस्पिटलात आठ तास. त्या दुपारी तुमची एक राइड होती. ती फोन करून सोडलीत, हे मला आठवड्यानं दुसऱ्याकडून कळलं. बाकावर बसून तुम्ही टिम ब्रुकशॉ आणि पॅडी फॅरल या दोन जॉकींची गोष्ट सांगितलीत. काही महिन्यांच्या अंतरानं दोघंही शर्यतीत पडून कायमचे अधू झाले, आणि त्यातून 1964मध्ये जखमी जॉकींचा फंड उभा राहिला. मग स्वतःचं सांगितलंत. एकदा पडल्यावर डॉक्टरांनी विचारलं, काय आठवतं? तुम्ही खरं सांगितलंत, काहीच नाही. सक्तीची सुट्टी लागली. जो घोडा तुम्ही पूर्ण पावसाळी शरद ऋतूभर घडवला होता, तो दुसऱ्यानं जिंकवला आणि पुढे त्याच्याकडेच राहिला. ‘खोटं बोलायचा मोह झाला नाही?’ मी विचारलं. ‘झाला ना,’ म्हणालात, ‘पण खोटं काय बोलायचं तेही आठवत नव्हतं.’

डोकं दुखत होतं तरी हसलो.

माझ्या जॅकेटात आईनं पाठवलेले बेसनाचे दोन लाडू होते. तुम्ही एक घेतलात, नखानं मधोमध फोडलात आणि अर्धा परत दिलात. दुसऱ्या दिवशी तुम्हाला काट्यावर खोगिरासकट दहा स्टोन दोन पाउंड, म्हणजे जेमतेम साडेचौसष्ट किलो भरायचं होतं. रेसकोर्सवरच्या सॉना, म्हणजे तापवलेल्या खोल्या, बंद झाल्यापासून घरच्या टबात कढत पाण्यात बसून घाम काढणारा माणूस तुम्ही. त्या अर्ध्या लाडवाचाही हिशेब रात्री दिला असणार.

मला सुट्टी मिळाली, पगार कापला गेला नाही, नोकरीही राहिली. भीती माझ्याच डोक्यात होती.

आईचं पार्सल काल आलं. मंगळवारी सकाळचा दुसरा लॉट, म्हणजे घोड्यांची दुसरी तुकडी, फिरवून आटोपला की तुमच्याकडे येतो. आता काटा नाही. अख्खा खायचा, आणि वर एक.

तुमचा,
पुण्याचा पोरगा