पेटी ओढायची नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या संगणकीय खेळांवर मजकूर आला होता. त्यात 'सोकोबान'ला दीड ओळ मिळाली, तीही 'एकेकाळचा' म्हणून. मी सियागंजात एका किराणा पेढीच्या गोदामावर एकतीस वर्षे काढली. सोकोबान म्हणजे जपानीत गोदामाचा राखणदार, आमच्याच बिरादरीतला. म्हणून हा शब्द जरा लागला.

1994 साली शेठजींनी स्टॉक मांडायला संगणक आणला. बसवायला आलेल्या मुलाने जाता जाता त्यात हा खेळ टाकून दिला. वरून दिसणारे गोदाम, काही पेट्या, त्या ठेवायच्या ठरलेल्या जागा आणि एक माणूस. तो पेटी ढकलतो, ओढत नाही, आणि एका वेळी एकच. बस्स, एवढेच नियम. हिरोयुकी इमाबायाशी यांनी रचलेला हा खेळ जपानमधल्या थिंकिंग रॅबिट कंपनीने 1982 मध्ये बाजारात आणला. आमचे हम्माल स्क्रीनकडे बघून हसायचे, "ये कैसा हम्माल है, खींचता ही नहीं!" पण कोपऱ्यात गेलेली पेटी मेली, हे त्यांना माझ्याआधी कळले. मी मात्र मेलेल्या पेटीभोवती अर्धा तास फिरत बसायचो.

मूळ लेव्हल लोकांच्या केव्हाच सोडवून झाल्या. खेळ पुढे जगला तो जगभरच्या हौशी माणसांनी रचलेल्या लेव्हलवर. लेव्हल म्हणजे तरी काय? भिंतीला #, पेटीला $, जागेला टिंब, माणसाला @. दहाबारा ओळींचा मजकूर, पोस्टकार्डावर मावेल असा. डेव्हिड स्किनर यांनी नवशिक्यांसाठी 'मायक्रोबॅन' हा 155 छोट्या लेव्हलचा संच केला. माझी नात त्यावरच शिकली. छोट्या म्हणून सोप्या समजू नका, दोन पेट्यांची लेव्हलसुद्धा अख्खी दुपार खाते. संगणक चुटकीसरशी सोडवेल म्हणाल, तर तेही नाही. कितीही मोठे गोदाम झटपट सोडवून देणारी हुकमी युक्ती संगणकशास्त्राकडे नाही, आणि कोडे किती अवघड जातीचे आहे हे जोसेफ कल्बर्सन यांनी 1997 मध्ये सिद्धच केले.

मीही रचू लागलो. पहिली लेव्हल आमच्याच गोदामाची. मागच्या दाराशी वजनकाटा, त्यामुळे वाट एका माणसापुरती. साबणाची खोकी आधी आत घेतली की हिंगाचे डबे अडकलेच म्हणून समजा. मोबाइलवरच्या एका अ‍ॅपमध्ये अशा चाळीस लेव्हल केल्या होत्या. गेल्या पावसाळ्यात अ‍ॅप अपडेट झाले आणि चाळीसच्या चाळीस गेल्या. तीन मेल टाकले, एकाला उत्तर आले, 'आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे.' सव्वीस वाचल्या, कारण त्या आधी लाल कापडाच्या जुन्या वहीत आखलेल्या होत्या. त्या अ‍ॅपमध्ये दुसऱ्यांच्याही लेव्हल होत्या, पण रचणाऱ्याचे नाव कुठे नाही. नुसते 'लेव्हल 212', आणि लगेच खाद्यतेलाची जाहिरात. तुम्ही शब्दकोड्याखाली रचनाकाराचे नाव छापता, मग यांना काय झाले?

म्हणून विनंती अशी की सुडोकूशेजारी आठवड्याला एक लेव्हल छापावी, रचणाऱ्याच्या नावासह. वाचकांकडूनही मागवाव्यात. इंदुरात हिशोबी डोकी कमी नाहीत.

कागदावर खेळायचे कसे, असे विचाराल. आमच्याकडे पाटावर खडूने चौकटी आखतो. चिंचोके म्हणजे पेट्या, कवडी म्हणजे माणूस. अडचण एकच, चुकलेला चिंचोका बोटाने हळूच मागे घ्यायचा मोह होतो. सौ. शेजारी भाजी निवडत बसलेली असते, वर न बघता म्हणते, "ओढलात!" मग सगळा डाव पहिल्यापासून. मोबाइलवर चाल मागे घ्यायचे बटण असते, आमच्या घरी नाही.

वहीतली एक लेव्हल सोबत जोडली आहे. सात पेट्या आहेत. दाराजवळची पेटी आधी हलवू नये, एवढे सांगतो. उत्तर पुढच्या पत्रात.

आपला,
एक निवृत्त गोदामपाल
लोकमान्यनगर, इंदूर