शाल-श्रीफळानंतरच्या नोव्हेंबरचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावीचा निकाल लागला की आठवडाभर सगळ्याच पेपरात "आई धुणीभांडी करते, मुलीला ७८ टक्के" अशा बातम्या येतात. त्या छापता हे चांगलंच करता, पण त्या बातमीनंतर काय होतं ते बघा ना. कुणी टॅब देतं, कुणी स्कूलबॅग, कुणी पुढारी शाल-श्रीफळ देऊन फोटो काढून जातो आणि पंधरा दिवसात सगळं थंड. त्या मुलीची खरी परीक्षा तर त्यानंतर सुरू होते. २०२५ पासून अकरावीचं अॅडमिशन अख्ख्या राज्यात ऑनलाइन झालंय, दहा कॉलेजांपर्यंत पसंती भरायची, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, मग महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवर स्कॉलरशिपचा फॉर्म, त्यासाठी बँक खातं आधारला जोडलेलं पाहिजे, आणि ज्या घरात आधी कुणी कॉलेजचं गेटसुद्धा बघितलं नाही तिथे हे सगळं कोण सांगणार? कॉमर्स घेऊ का आयटीआयला जाऊ हा प्रश्न विचारायला तरी कुणी पाहिजे की नको.

आमच्या ठाण्यात समता विचार प्रसारक संस्था खूप वर्षं हेच काम करतेय. एकलव्य पुरस्कार म्हणून देतात ते, वस्तीत राहून, कामं करून दहावी पास झालेल्या मुलांना. मला त्यातलं आवडतं ते हे की टक्के किती यापेक्षा कुठल्या परिस्थितीत मिळवले ते बघतात, म्हणजे पंचावन्नवाला पोरगासुद्धा स्टेजवर येतो. आणि पुरस्कार देऊन मोकळे होत नाहीत, पुढे शिबिरं, खेळ, नाटक चालू असतं. रत्नाकर मतकरींनी याच वस्त्यांतल्या मुलांबरोबर "वंचितांचा रंगमंच" उभा केला, मुलांनीच आपले विषय घेऊन नाटकं बसवायची. मतकरी २०२० मध्ये गेले तरी ते काम थांबलं नाही कारण तोपर्यंत जुनी मुलं हाताशी तयार झाली होती. माझ्या मते कुठल्याही अशा संस्थेची खरी कमाई हीच, काल आलेला पोरगा उद्या दादा होतो.

आता मुद्दा असा की अशा कामाला लोकांची मदत लागते पण आपण जी मदत देतो ती आपल्या सोयीची असते. मी निवृत्त बँकवाला आहे, ओळखीच्या एका छोट्या संस्थेचे हिशोब बघायला अधूनमधून जातो, तिथे कपाटात वह्या पडून आहेत, कंपासपेट्या पडून आहेत, वाढदिवसाला केक घेऊन येणाऱ्यांची तर रांग असते (केक कापताना मुलांनी हसायचं, मोबाईलकडे बघायचं, मला ते बघवत नाही), पण वस्तीत घरोघर फिरणाऱ्या ताईचं मानधन कशातून द्यायचं म्हटलं की सगळे गप्प. "आमचे पैसे मुलांवरच खर्च व्हायला हवेत, पगारावर नको" असं देणारे ठासून सांगतात. अहो पण ती ताई म्हणजेच मुलांवरचा खर्च आहे! मुलगी दोन दिवस क्लासला आली नाही तर घरी जाऊन कळतं की लग्नाचं बघताहेत, हे वही थोडीच सांगणार आहे.

त्यात ८०जीचं, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीचं, एक झालंय. नव्या करप्रणालीत देणगीची वजावट मिळत नाही आणि आता बहुतेक नोकरदार नव्यातच गेलेत, म्हणून मार्चमध्ये पावतीसाठी येणारे फोन कमी झाले. जुन्या प्रणालीतही दोन हजाराच्या वर रोख दिली तर वजावट नाहीच. ज्यांनी फक्त पावतीसाठी दिलं ते गेले तर गेले, पण त्यांची जागा कुणीतरी भरली पाहिजे. आपल्याकडे ही सवय नवी नाहीये, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगसाठी बायका दळणातलं मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायच्या, मुष्टिफंड म्हणायचे त्याला. त्यांना कुठे टॅक्स वाचवायचा होता. आज तीनशे फ्लॅटच्या सोसायटीत घरटी शंभर रुपयांचा ऑटोपे लावला तर महिन्याला तीस हजार होतात, दोन ताईंचं मानधन बऱ्यापैकी निघतं. एकदाच दिलेल्या पन्नास हजारांपेक्षा हे संस्थेला कितीतरी कामाचं, कारण पुढच्या महिन्यात पैसे येणार हे माहीत असतं.

पैशाचं जे तेच वेळेचं. अमेरिकेत बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स नावाची १९०४ पासूनची संस्था आहे, एका मुलाला एक मोठं माणूस जोडून देतात. तिथल्या मुलांवर केलेला एक अभ्यास २००२ मध्ये आला, त्यात दिसलं की वर्षभर किंवा जास्त साथ मिळाली त्या मुलांना सगळ्यात फायदा झाला, आणि ज्यांची साथ तीन महिन्यांच्या आत सुटली त्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास उलट कमी झाला. म्हणजे हौसेने चार रविवार जाऊन नंतर गायब होणारे आपण मदत करत नाही, नुकसान करतो. ज्याला वर्षभर जमणार नाही त्याने त्या मुलाचा दादा व्हायला जाऊच नये, फॉर्म भरायच्या सीझनला एक दिवस बसावं, अकाउंट्स बघावेत, गणिताचे पेपर तपासावेत, तीही मदतच आहे.

जागेबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. घोडबंदर रोडच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्सकडे रविवारी सकाळी दोन तास क्लबहाऊस मागितलं होतं, दहा-पंधरा मुलांचा अभ्यासवर्ग घ्यायला, रविवारी सकाळी ते तसंही रिकामंच असतं. उत्तर आलं की बाहेरची मुलं आत सोडता येणार नाहीत. त्यातल्या निम्म्या मुलांच्या आया त्याच टॉवरमध्ये रोज सकाळी पोळ्या लाटायला येतात, किल्ल्यासुद्धा असतात त्यांच्याकडे घरांच्या. यावर अजून काय बोलणार. सिक्युरिटीची काळजी असेल तर नावं लिहून घ्या, कमिटीतल्या दोघांनी स्वतः येऊन बसा, पण विचार तरी करा.

तुमच्याकडेही एक मागणं आहे. मे-जूनमध्ये ज्या मुलांच्या कहाण्या छापता त्यांची यादी ठेवा आणि दिवाळीनंतर नोव्हेंबरात पुन्हा विचारा, कॉलेज चालू आहे का, स्कॉलरशिप आली का, कुणी भेटायला जातं का, आणि मुलांची परवानगी असेल तर तेही तितक्याच ठळक छापा. निकालाच्या वेळी ज्यांनी फोटो काढले त्यांनाही एक फोन करा.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, नौपाडा, ठाणे